आधी हार्डनिंगची शेड, मग लॅब: खान्देशात फुलझाडांचं टिश्यू कल्चर

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहेत आणि केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये (झाडाचा बारीक तुकडा निर्जंतुक बाटलीत पोषक माध्यमावर वाढवून रोपं करणारी लॅब) काही वर्षं ट्रान्सफर रूमला, म्हणजे तुकडे कापून नव्या बाटलीत लावण्याचं, काम केलेलं आहे. घरची अडीच एकर जमीन आणि पत्र्याची एक रिकामी शेड आहे. तिथे जरबेरा आणि ऑर्किडची रोपं तयार करणारी छोटी लॅब टाकायची त्यांची इच्छा आहे. त्यांना माध्यमाचं सूत्र हवं आहे आणि आपल्या भागातल्या उन्हात हा उद्योग टिकेल का, हेही विचारलं आहे.

ताई, टिकेल. पण तुम्ही ज्या क्रमाने विचार करताय तो उलटा करा. सूत्र शेवटी येतं, लॅब त्याच्या आधी आणि हार्डनिंगची, म्हणजे बाटलीतल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायची, शेड सगळ्यात आधी. आपल्याकडे फुलझाडांच्या टिश्यूचा नफा-तोटा बाटलीत ठरत नाही. बाटलीत जाण्याआधी मदर प्लांटवर, म्हणजे ज्या झाडाचा तुकडा घेतो त्यावर, ठरतो आणि बाटलीतून बाहेर आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत ठरतो. मधलं काम तुम्हाला येतंच. जळगाव जिल्ह्यात केळीच्या लॅबमुळे पातं आणि चिमटा सफाईने चालवणारे हात भरपूर आहेत. ही मोठी गोष्ट आहे, इतर ठिकाणी माणसं शिकवण्यातच पहिली दोन वर्षं जातात.

आधी एक हिशोब बघा. दहा निरोगी फुटवे घेतले, दर चार आठवड्यांनी एकाचे तीन केले, तर सहा सबकल्चरनंतर (फुटवे सुटे करून नव्या माध्यमावर लावायच्या सहा फेऱ्यांनंतर) ७,२९० फुटवे होतात. प्रकल्प अहवालात हाच आकडा लिहिलेला असतो. आता प्रत्येक फेरीत शंभरातले पंधरा बुरशीने, जिवाणूने किंवा व्हिट्रिफाइड (काचेसारखे पाणचट) होऊन गेले असं धरा. मग एकाचे तीन न होता अडीचच्या जरा वर होतात आणि सहाव्या फेरीअखेर हातात २,७५० च्या आसपास उरतात. त्यातल्या नव्वद टक्क्यांना मुळं फुटली आणि हार्डनिंगमध्ये पंच्याऐंशी टक्के जगली तर विकायला साधारण २,१०० रोपं येतात. तेच हार्डनिंग मे महिन्यात आलं आणि निम्मीच जगली तर १,२४० च्या आसपास. ७,२९० ची स्वप्नं बघून बांधलेली लॅब १,२४० रोपांवर चालत नाही. पहिल्या फेरीत मेलेल्या फुटव्यावर फार खर्च झालेला नसतो. शेडमध्ये मेलेल्या रोपाने मात्र सहा महिन्यांचं माध्यम, वीज आणि बायांची मजुरी खाल्लेली असते.

म्हणून पहिला सल्ला: पहिल्या हंगामात लॅब बांधू नका. एखाद्या प्रस्थापित लॅबकडून बाटलीतली, मुळं फुटलेली जरबेराची रोपं घ्या आणि फक्त हार्डनिंग करा. तयार रोपं विका. जगण्याचं प्रमाण सलग तीन-चार लॉटमध्ये नव्वदच्या पुढे गेलं की मग लॅमिनार (गाळलेल्या निर्जंतुक हवेचं कामाचं टेबल) विकत घ्या.

हार्डनिंगवर मी सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेसाठी याची माहिती कुठे फारशी मिळत नाही. पुणे-मावळची पद्धत जशीच्या तशी उचलून आणली की आपल्याकडे रोपं वाळतात.

बाटलीतल्या हवेत आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के असते. तिथे वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट बसलेला नसतो आणि पर्णरंध्रांना बंद होण्याची सवय नसते. त्यात माध्यमात साखर असल्यामुळे रोप स्वतःचं अन्न फारसं बनवत नसतं. अशी पानं आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आली की काही मिनिटांत मान टाकतात, मग कितीही पाणी द्या. पाणी मुळातून वर चढण्याच्या आत पानातून उडून जातं. बाटलीत आलेली मुळंही बरीचशी नाजूक असतात. कोकोपीटमध्ये नवी मुळं फुटेपर्यंत रोप हवेतल्या ओलाव्यावरच तगतं.

करायचं ते असं. बाटल्या ग्रोथ रूममधून काढून आठवडाभर शेडमधल्या सावलीत, झाकणं न उघडता ठेवा, म्हणजे रोपांना उजेडाची आणि तापमानाची ओळख होते. मग रोपं काढा आणि मुळांवरचं अगार (जेलीसारखं माध्यम) कोमट पाण्यात पूर्ण धुवा. अगारचा तुकडा राहिला तर त्यातल्या साखरेवर बुरशी येणारच. बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवून प्रो-ट्रेमध्ये लावा. लावताना एक गोष्ट केळीपेक्षा वेगळी आहे, ती कामावरच्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी दाखवा: जरबेराचा गड्डा, म्हणजे पानं जिथून निघतात तो भाग, कोकोपीटच्या वर राहिला पाहिजे. केळीचं रोप जरा खोल गेलं तरी चालतं. जरबेरा खोल गेला की गड्डा कुजतो. हेच पुढे शेतकऱ्यालाही सांगावं लागतं, कारण फायटोप्थोराची गड्डाकूज हीच जरबेरातली सर्वात महागडी मर आहे.

ट्रे लगेच प्लॅस्टिकच्या बोगद्यात जातात. पहिला आठवडा आर्द्रता पंच्याऐंशी ते पंच्याण्णव टक्के, मग रोज थोडी फट, दोन आठवड्यांत बोगदा पूर्ण उघडा. त्यानंतर चार ते सहा आठवडे शेडनेटखाली. फॉगर नसेल तर हातपंपाने फवारा मारता येतो, पण मग दुपारी अकरा ते चार या वेळात तिथे जबाबदार माणूस हवा. त्या पाच तासांत जेवायला गेलेल्या माणसामुळे लॉट गेलेले मी पाहिले आहेत.

आता उन्हाचं. आपल्याकडे भुसावळ, रावेर, चोपडा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती हवा अतिशय कोरडी असते, आणि कोरडी हवाच इथे तुमच्या कामी येते. फॅन-पॅड म्हणजे पॉलिहाऊसच्या एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारे पंखे आणि बाष्पीभवनाने गारवा. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त. ४२ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असलेली हवा ओल्या पॅडमधून ओढली तर पॅडजवळ ती २७-२८ अंशांवर येते आणि तिची आर्द्रताही वाढलेली असते. रोपाला दोन्ही हवं असतं. कोकणात हेच पॅड मे महिन्यात जेमतेम काही अंश कमी करतात. आपल्याकडे त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. पंख्याच्या टोकाला तापमान पॅडच्या टोकापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त राहतं, म्हणून कोवळे ट्रे नेहमी पॅडच्या बाजूला आणि जुने ट्रे पंख्याच्या बाजूला ठेवा. वीज गेली की बंद पॉलिहाऊस अर्ध्या तासात भट्टी होतं, त्यामुळे जनरेटर नसेल तर फॅन-पॅडचा विचारच करू नका. आणि पाणी. तापीकाठचं बोअरचं पाणी जड असतं. पॅडवरून पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि दोन हंगामांत पॅडची छिद्रं पांढऱ्या थराने बुजतात. पॅडच्या टाकीतलं थोडं पाणी रोज बाहेर सोडत राहा आणि तेवढं ताजं भरत राहा. ते सोडलेलं पाणी बांधावरच्या झाडांना चालतं, ट्रेला नाही.

कोकोपीटबद्दलही तेच. वीट फोडून नुसती भिजवली की पुरत नाही. त्यात सोडियम आणि पोटॅशियम असतं. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात एक रात्र भिजवा, मग चांगल्या पाण्याने ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.५ च्या खाली येईपर्यंत धुवा. ईसी मीटर फार महाग येत नाही आणि तो नसताना कोकोपीटवर विश्वास ठेवणं म्हणजे डोळे मिटून रोप लावणं.

वेळापत्रक असं ठेवा की बाटल्या ऑगस्टच्या मध्यापासून शेडमध्ये येतील. तेव्हा हवेत ओलावा असतो, तापमान तिशीच्या आसपास असतं आणि बोगदा सांभाळायला सोपा जातो. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे पुन्हा कडक जातात, तेवढं लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की जरबेराची वाढ थांबल्यासारखी होते, मरत नाही. तेव्हा संध्याकाळी पाचलाच पडदे खाली घ्या. मार्चनंतर नवा लॉट शेडमध्ये घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नाहीच.

हे जमलं की मदर प्लांटकडे वळा. केळीच्या लॅबमध्ये हे काम बहुधा तुमच्या नजरेआड झालं असेल, कारण तिथे निवडलेले कंद तयार येतात. फुलझाडात ते तुम्हालाच करावं लागेल. एका झाडापासून हजारो रोपं होणार, म्हणजे त्या झाडाचा प्रत्येक दोष हजारपट होणार. म्हणून झाड फुलावर आलेलं असतानाच निवडा. रंग, देठाची लांबी आणि ताठपणा, फुलदाणीत किती दिवस टिकतं, गड्ड्याला किती फुटवे येतात, सगळं लिहून ठेवा. एकाच फुलावर भुलू नका, तीन-चार बहर पाहा.

आणि विषाणू. रावेर-यावल भागात केळीवरच्या हरण्या रोगाने काय केलं ते आपण पाहिलं आहे. तोच काकडीवरचा मोझॅक विषाणू शेवंती, ग्लॅडिओलस, लिली अशा कितीतरी फुलझाडांवर जातो आणि मावा तो पसरवतो. केळीच्या बागेला लागून फुलझाडांचे मदर प्लांट ठेवायचे असतील तर कीटकरोधक जाळीच्या खोलीतच ठेवा आणि बांधावरचं तण काढा. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं म्हणून ते निरोगी आहे असं धरू नका. एलायझा किंवा पीसीआर चाचणी करून घ्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था चालवली आहे. तिच्या मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळांकडे नमुने पाठवता येतात. लॅब वाढली की त्या मान्यतेसाठी अर्ज कराच. सरकारी योजनेतल्या खरेदीत तो कागद विचारला जातो.

लोक टिश्यू कल्चरकडे फक्त संख्या वाढवायचं साधन म्हणून बघतात, पण फुलझाडांत या तंत्राचं पहिलं मोठं काम रोगमुक्तीचं होतं. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि क्लॉद मार्तां यांनी विषाणू लागलेल्या डेलियाच्या शेंड्यातला अगदी टोकाचा भाग, म्हणजे मेरिस्टेम, काढून वाढवला आणि त्यातून विषाणूमुक्त झाड मिळवलं. शेंड्याच्या त्या टोकापर्यंत रसवाहिन्या पोचलेल्या नसतात आणि पेशी झपाट्याने विभागत असतात, त्यामुळे विषाणू तिथे बऱ्याचदा पोचत नाही. नंतर १९६० मध्ये मोरेल यांनीच सिंबिडियम ऑर्किडवर ही पद्धत वापरली आणि जगभरचा ऑर्किडचा धंदा बदलला. तुम्हीही आपल्या लॅबचा पाया संख्येवर न ठेवता स्वच्छ मालावर ठेवा, असं मला मनापासून वाटतं. संख्येत मोठ्या लॅबशी तुम्ही स्पर्धा करू शकणार नाही.

म्हणूनच लॅब सुरू कराल तेव्हा पहिलं पीक जरबेरा न घेता शेवंती घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, कारण शेवंती काश्यांनी (बुडातून फुटणाऱ्या कोंबांनी) आणि छाटांनी सहज वाढते, तिला लॅब कशाला? नेमकं तिथेच काम आहे. शेतकरी वर्षानुवर्षं त्याच प्लॉटातल्या काश्या उचलतो. काश्यांबरोबर विषाणू, पानांवरचे डाग, मातीतल्या सूत्रकृमी, सगळं पुढच्या शेतात जातं. फूल दरवर्षी थोडं लहान होत जातं आणि शेतकरी म्हणतो बियाणं थकलं. तुम्ही मेरिस्टेमपासून स्वच्छ केलेली काही शेकडा मदर रोपं जाळीत ठेवा आणि त्यांच्या छाटांना मुळं फोडून रोपं विका. लॅब लहान राहते, वीज कमी लागते, विक्री छाटांच्या रोपांची होते. झिपरी, राजा, सोनाली तारा यांसारखी जुनी वाणं कोणाच्या मालकीची नाहीत, त्यामुळे रॉयल्टीचा प्रश्न येत नाही. दसरा-दिवाळीला शेवंती लागते, त्या हिशोबाने रोपं कधी हवीत ते उलटं मोजता येतं.

शेवंतीबाबत दोन सूचना. ती लहान दिवसाची वनस्पती आहे. दिवस आखूड होऊ लागले की कळी धरते आणि कळी धरलेल्या मदर प्लांटचे छाट कामाचे नाहीत. मदर ब्लॉकमध्ये मध्यरात्री काही तास दिवे लावून रात्र तोडावी लागते. दुसरं, शेवंतीची कितीतरी वाणं म्हणजे एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशींचे थर असतात. पाकळीच्या किंवा पानाच्या तुकड्यापासून कॅलस (पेशींचा बिनआकाराचा गोळा) करून रोप काढलं तर ते थर सुटे होतात आणि पिवळ्या वाणातून भलत्याच रंगाचं फूल निघतं. नवीन रंग शोधायचा असेल तर हे वरदान आहे. वाण जपायचं असेल तर फक्त शेंडा किंवा डोळ्याचा तुकडा घ्या. आणि मेरिस्टेम काढला म्हणजे सगळं गेलं असंही समजू नका. शेवंतीचा खुजेपणा आणणारा व्हिरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) मेरिस्टेममधूनही चिवटपणे टिकतो, म्हणून प्रत्येक ओळीची, म्हणजे एकाच तुकड्यापासून आलेल्या रोपांची, वेगळी चाचणी करायची आणि नापास ओळ बाटल्यांसकट ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत घालून) टाकायची.

आता जरबेरा. याचा गड्डा जमिनीलगत आणि लवदार असतो, त्यामुळे शेंडा घेतला तर कंटॅमिनेशन (बुरशी-जिवाणूंची लागण) खूप येतं. त्यापेक्षा न उमललेली, सेंटीमीटरपेक्षा लहान कळी घ्या. ती बाहेरच्या हिरव्या छदांनी झाकलेली असते, आतला भाग बराच स्वच्छ असतो. मदर प्लांटला कळी काढण्याआधी दोन आठवडे वरून पाणी देऊ नका, ठिबकनेच द्या. एवढ्या एका सवयीने निम्मं काम होतं. कळ्या साबणाच्या पाण्याने, मग वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवा. लॅमिनारमध्ये सत्तर टक्के अल्कोहोल तीस सेकंद, नंतर सोडियम हायपोक्लोराइट दहा-पंधरा मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुणं. बऱ्याच लॅब ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते काम चोख करतं, पण ते पाऱ्याचं विष आहे. वापरलंच तर हातमोज्यांशिवाय नाही, आणि उरलेलं द्रावण मोरीत किंवा शेतात ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणून द्यायचं. घराशेजारी लॅब असेल तर मी हायपोक्लोराइटवरच राहा म्हणेन.

माध्यम मुराशिगे आणि स्कूग यांचं, १९६२ चं, तंबाखूवर काम करताना त्यांनी बसवलेलं. केळीसाठी तुम्ही तेच वापरलंय. तयार पावडर लिटरला साधारण ४.४ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, अगार ७ ते ८ ग्रॅम, सामू (पीएच) ५.७ ते ५.८, ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. मुराशिगे यांनी १९७४ मध्ये जरबेराच्या बहुगुणनाची पद्धतही प्रसिद्ध केली, त्यामुळे हा रस्ता मळलेला आहे. सुरुवातीला बीएपी (कोंब फोडणारं संप्रेरक) लिटरला १ ते २ मिलिग्रॅम आणि आयएए (वाढीचं दुसरं संप्रेरक) ०.१ मिलिग्रॅम. कळीतून कोंब यायला दोन महिने, कधी जास्तही लागतात. धीर सोडू नका, पण फुगलेला कॅलस म्हणजे कोंब नव्हे हे ओळखा. बहुगुणनात बीएपी खाली आणा, अर्धा ते एक मिलिग्रॅमवर. मुळांसाठी अर्ध्या ताकदीचं माध्यम आणि आयबीए किंवा एनएए (मुळं फोडणारी संप्रेरकं) अर्धा ते एक मिलिग्रॅम. प्रत्येक वाणाला हे आकडे थोडे हलवावे लागतात. वीस-वीस बाटल्यांचे चार-पाच मेळ लावून बघा आणि वहीत लिहा.

बीएपीचा हात जड झाला की जरबेरा सूड घेतो. बाटलीत फुटवे भरभरून येतात, संख्या पाहून आनंद होतो. पुढे पॉलिहाऊसमध्ये तेच रोप झुडपासारखं गच्च होतं, पानंच पानं, फुलं लहान आणि देठ आखूड. तोवर शेतकऱ्याचे पैसे गेलेले असतात. म्हणून एका एक्सप्लांटपासून (बाटलीत घातलेल्या मूळ तुकड्यापासून) दहा-बारा सबकल्चरच्या पुढे जाऊ नका, नवी कळी घ्या. केळीत ही शिस्त तुम्ही पाळली असेल, इथेही तितकीच कडक ठेवा. प्रत्येक नव्या ओळीची पन्नासेक रोपं आधी स्वतःच्या बेडवर लावून फुलवा. जरबेराचं पहिलं फूल लागवडीनंतर साधारण तीन महिन्यांत येतं. फूल पाहिल्याशिवाय त्या ओळीचं एकही रोप विकू नका.

रोपं काचेसारखी पारदर्शक, पाणचट दिसू लागली तर तीच व्हिट्रिफाइड रोपं. ती शेडमध्ये जगत नाहीत. अगार थोडं वाढवा, बीएपी कमी करा, हवा खेळती राहील अशी झाकणं वापरा.

ग्रोथ रूमला २५ अंश, सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार. एलईडी घ्या, कारण ट्यूबलाइटची उष्णता काढायला एसी जास्त चालतो आणि मे महिन्यात तुमचं बिल तिथेच फुगतं. खोली पत्र्याच्या शेडमध्ये बांधणार असाल तर छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला पफ पॅनल (उष्णता अडवणारे फलक) लावा, शक्य झालं तर खोलीत खोली करा. वीज जाण्याचा एक परिणाम फार कमी लोक लक्षात घेतात. एसी बंद पडून खोली ३५ वर गेली की बाटलीतली हवा फुगून बाहेर पडते. एसी परत सुरू झाला की हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून खोलीतली हवा आत ओढली जाते, बुरशीच्या बीजाणूंसकट. तीन-चार दिवसांनी एकाच रॅकवर एकदम कापूस फुललेला दिसतो आणि आपण ट्रान्सफर करणाऱ्या बाईला बोल लावतो. तिचा दोष नसतो. एसी जनरेटरवर घेता येत नसेल तर निदान झाकणांवर पट्टी आणि खोलीत फिल्टरची हवा हवीच. पावसाळ्यात हा त्रास दुप्पट होतो. रॅकवर एका रांगेत एकामागोमाग बाटल्या खराब होत असतील तर भिंग घेऊन कोळी किंवा फुलकिडे शोधा, ते बाटलीतून बाटलीत बीजाणू वाहून नेतात. शेडमध्ये काम केलेल्या माणसाने त्याच कपड्यांत ग्रोथ रूममध्ये जायचं नाही, हा नियम मालकालाही लागू.

ऑर्किडबद्दल थोडक्यात. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा यायला काही आठवडे २५ अंशांखालची हवा लागते आणि बाटलीपासून फुलापर्यंत दोन ते तीन वर्षं जातात. एवढं भांडवल अडकवू नका. डेंड्रोबियम उष्णता सोसतं, पण आर्द्रता मागतं. पुढे कधीतरी. अँथुरियमही आपल्या कोरड्या हवेचं पीक नाही, त्याची गुणनाची गतीही फार संथ असते. गुलाबाला डोळा भरणं स्वस्त पडतं, निशिगंधाचे कंद स्वतःच वाढतात, त्यांना बाटलीत घालण्यात अर्थ नाही.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. बाजारातली बरीच देखणी जरबेराची वाणं परदेशी पैदासकारांची आहेत. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नोंदलेलं वाण परवान्याशिवाय लॅबमध्ये वाढवून विकता येत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं ठेवण्याची आणि देण्याची जी सवलत त्या कायद्यात आहे, ती व्यावसायिक लॅबला लागू होत नाही. वाण निवडण्याआधी या कायद्याखालच्या वाण संरक्षण प्राधिकरणाची नोंदवही तपासा, मालकीचं असेल तर परवाना मागा. छोट्या लॅबला परवाना मिळणं अवघड असतं, शेवंतीपासून सुरुवात करा म्हणण्याचं हेही एक कारण.

तुमच्याकडून रोप घेणाऱ्या शेतकऱ्याची जमीनही विचारात घ्या. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास. जरबेराला ५.५ ते ६.५ लागतो. काळ्या मातीत पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि दोष तुमच्या रोपावर येतो. लाल माती आणून केलेले गादीवाफे किंवा कोकोपीटची कुंडी-पद्धत असेल तरच जरबेराची रोपं द्या. एकरी पॉलिहाऊसला चोवीस हजारांच्या आसपास रोपं लागतात, म्हणजे एक चुकीचा ग्राहक तुमचा पूर्ण हंगाम खाऊ शकतो. नाही म्हणायला शिका. त्याच शेतकऱ्याला शेवंती द्या, काळ्या निचऱ्याच्या जमिनीत ती चांगली येते.

या ऑगस्टसाठी बाटल्या मागवायच्या असतील तर मागणी मार्च-एप्रिलमध्येच द्यावी लागेल, लॅबला रोपं वाढवायला वेळ लागतो. मागणीपत्रावर वाणाचं नाव, परवान्याचा तपशील, कितव्या सबकल्चरचा माल आहे ते आणि विषाणू चाचणीचा अहवाल लिहून मागा. पहिली मागणी दोन हजारांच्या वर नेऊ नका. गाडी रात्रीचा प्रवास करून पहाटे पोचेल असं ठरवा, आणि पेटी उघडल्यावर तळाशी पांढरट ढगाळ रेषा दिसणाऱ्या बाटल्या त्याच दिवशी फोटो काढून परत पाठवा. ते जिवाणू असतात, आणि असं रोप ट्रेमध्ये गेलं की शेजारच्या रोपांनाही घेऊन जातं.